तिसरी ओळ

मी आयुष्यात एकच गाणं रचलं. त्यातल्या पहिल्या दोन ओळी आमच्या वडगावात शेंबड्या पोरालाही पाठ आहेत, आणि पुढच्या दोन माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाहीत. पहिल्या दोन ओळी म्हटल्या की लोक हसतात. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, आणि मीही त्यांच्याबरोबर दात काढतो. दुसरं काय करणार? गणपती करायला गेलो आणि माकड झालं म्हणतात, तसं माझं झालं. फरक इतकाच की माझं माकड सगळ्या गल्लीला आवडलं.

गाणं माझ्या धाकट्या बहिणीवर आहे.

ती जन्मली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तिच्या जन्मानंतर दहाव्या दिवशी आई गेली. शेजारच्या घरात माग होते तसेच आमच्याही घरात होते, फक्त त्यांच्या घरात कानडी बोलत आणि आमच्या घरात मराठी. त्या घरातली बाई अंगावर पाजणारी होती. तिनं आमचं मूल उचललं आणि आपल्या मुलाच्या शेजारी घेतलं. तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची, म्हणजे आई. त्या दिवशी मी उंबऱ्यावर बसून नाक पुसत होतो. अव्वानं मला आत ओढलं, ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "नोड, निन्न तंगी." बघ, ही तुझी धाकटी बहीण. मला तेव्हा कानडी धड येत नव्हतं. मला वाटलं, बाळाचं नाव तंगी.

बारशाला तिच्या कानात दुसरंच नाव सांगितलं, पण ते कानातच राहिलं. मी तंगी म्हणायचो, मग वडीलही तंगी म्हणायला लागले; गल्लीला मात्र ती नुसती अव्वाची पोर होती. ती मला अण्णा म्हणायची, आणि तिचं ऐकून अव्वाही मला अण्णाच म्हणायची. पुढं मला कानडी आलं, अर्थही कळला, पण तोवर उशीर झाला होता. माझ्या लेखी त्या शब्दाचा अर्थ ती पोरगी एवढाच होता.

सहा वर्षांची झाल्यापासून ती रहाटावर बसून माझ्यासाठी कांड्या भरायची. ताण्यातून इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याच्या पोटात सूत गुंडाळलेली जी बारीक नळी असते ती कांडी. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत असे आणि ती पलीकडे रहाट फिरवत काहीतरी गुणगुणत असे. मांजरावर, पावसावर, माझ्या टकलावर. टक्कल तेव्हा नव्हतं, पण पडणार असं तिनं गाण्यात आधीच सांगून ठेवलं होतं. तिला गळा होता. मला नव्हता, आणि असावा असं वाटलंही नाही. गाणं हे बायकांचं आणि भजनी बुवांचं काम, विणणाऱ्यानं विणावं, अशी माझी अक्कल.

तिला निपाणीला दिली. घर तंबाखूतलं. सासू, जावा, सगळ्याच वखारीत पानं निवडायला जात, ही पण जायला लागली. पहिल्या वर्षी आली ती खोकतच आली. पण पंचमीला यायची म्हणजे यायचीच. आमच्या भागात पंचमीला भाऊ न्यायला गेला नाही तर बाईला आपलं माहेर बुडाल्यासारखं वाटतं. मी दर वर्षी जायचो, तिला घेऊन यायचो. अव्वाच्या परसातल्या चिंचेला झोका बांधलेला असायचा, आणि अव्वा लाह्या नि लाडू करून वाट बघत असायची. दोन दिवस त्या दोघी कानडीत काय बोलायच्या आणि काय हसायच्या, मला मेल्याला पत्ता लागायचा नाही.

जर्मनची लढाई सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती त्या साली तिचा निरोप आला. तंबाखूची गाडी घेऊन येणारा एक गाडीवान दारात उभा राहून म्हणाला, "तुमच्या भनीनं सांगितलंय, यंदा लौकर ये म्हणून. चार दिस आधी ये म्हणालीया. जीव बरा न्हाय म्हणालीया."

माझ्या मागावर तेव्हा रुंद काठाचं रेशमी लुगडं होतं. असलं काम गल्लीत मला पहिल्यांदा मिळालं होतं. येता-जाता लोक डोकावून बघत, आणि मला ते आवडायचं. गौरीच्या सणाआधी व्यापाऱ्याला द्यायचं होतं. पावसाळ्यात ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, चार दिवस अडून राहिला की सर्द होतो, काठ ओढला जातो, असं मी स्वतःला सांगितलं. सर्द होतोही, पण खाली निखाऱ्यांचं धुपाटणं ठेवून बायकोनं सांभाळला असता. खरं कारण एवढंच की मला ते लुगडं सोडवेना. मी गाडीवानाला म्हणालो, "सण झाला की येतो म्हणावं."

पंचमीच्या आदल्या दिवशी अव्वा भिंतीपलीकडून आली. हाताला लाह्यांचं पीठ लागलेलं. "अण्णा, तंगीला आणायला गेला न्हाईस का रं?"

मी मागाची फणी ठोकत होतो. मान वर न करता म्हणालो, "निरोप आलाय, अव्वा. सासरचे पाठवत न्हाईत यंदा."

इतकं सोपं निघालं तोंडातून. धोटा निघतो तसं. अव्वानं निपाणीच्या दिशेला बोटं मोडली, त्या घराला कानडीत यथेच्छ शिव्या घातल्या आणि झोका सोडून ठेवला.

पंचमीनंतर नवव्या दिवशी सांगावा आला. ताप, कफ, आणि खेळ खलास. मी कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं गेलो, संकेश्वरच्या चढावर उतरून ढकलत गेलो. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तिच्या शेजारणीनं मला सांगितलं की पंचमीदिवशी तंगी गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसली होती. गाडीवानानं माझा निरोप दिला होता तिला, दिला नव्हता असं नाही. ती म्हणाली होती, "अण्णा असंच म्हणतो. पण येतो." सकाळची मोटार गेली, दुपारची गेली. मग तिनं गाठोडं सोडलं.

घरी आल्यावर अव्वा माझ्या गळ्यात पडली. "त्या हलकटांनी पाठवली असती तर माझ्या हातानं काढा पाजला असता. वाचली असती रं." मला ते रोज ऐकावं लागलं. पाणी भरताना, दळताना, भिंतीपलीकडून, कधी कानडीत, कधी मराठीत. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांना ती बाई शिव्या देत होती आणि ज्यानं केलं त्याला भाकरी वाढत होती. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "सांगून टाका एकदा. मारंल चार थपडा." मी किमान दहा वेळा अव्वाचा उंबरा ओलांडला. दहाही वेळा "अव्वा, मीठ हाय का गं?" असं म्हणून मीठ घेऊन परत आलो. घरात मिठाचा डोंगर झाला.

गाण्याची कल्पना भजनात सुचली. मी मागं बसून टाळ कुटत होतो, आणि पुढचा बुवा गात होता की मी पापी आहे, मी अपराधी आहे, माझ्यासारखा नीच कुणी नाही. लोक माना डोलवत होते. माझ्या डोक्यात आलं, गाण्यात माणूस काय वाटेल ते कबूल करतो आणि कुणी त्याची गचांडी धरत नाही. उलट टाळ वाजवतात. जे तोंडानं सांगता येत नाही ते मी गाऊन सांगेन. अव्वा बायकांत बसलेली असेल. तिला कळेल. मग तिला काय करायचं ते करू दे.

शहापुरात एक पेटीमास्तर राहायचे. नाटक मंडळीत पेटी वाजवून म्हातारे झालेले, आता लोकांच्या पेट्या दुरुस्त करत. अमावस्येला आमचे माग बंद असतात, म्हणून मी दर अमावस्येला दुपारी त्यांच्याकडं जायचो. पहिल्या वेळी बावीस ओळी लिहून नेल्या होत्या. मराठी चौथीपर्यंतच्या सगळ्या विद्येचा अर्क. जन्मापासून मरणापर्यंत सगळं होतं त्यात, मोटारीच्या कोळशासकट. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, "ह्ये गाणं न्हवं, अर्ज हाय. मामलेदार कचेरीत दे."

मग म्हणाले, "तुला सांगायचंय काय, ते एका दमात सांग."

मी सांगितलं. स्वतःच्या तोंडानं ते कुणाला सांगण्याची ती पहिलीच वेळ. मास्तरांनी पेटीचा भाता बोटानं चाचपला. "तंगी म्हंजे भन न्हवं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बरं. चार वळी कर. तिसऱ्या वळीत तुझं पाप येऊ दे. आधी आलं तर लोक घाबरत्यात, मागनं आलं तर झोपत्यात."

त्या चार ओळींना दोन वर्षं लागली. हसू नका. मास्तर बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला शिकवत आणि मला ते जमत नसे. मला एकच ताल येत होता: पायाखालची पावडी दाबली की खट्, धोटा सुटला की सर्र, फणी ठोकली की धप. बाकीचे ताल माझ्या अंगाला लागेनात. म्हणून मी ओळी मागावरच जुळवायला लागलो. दोन धोट्यांत अर्धी ओळ. शब्द बसला नाही तर उसवायचा, दुसरा घालायचा. बायको पलीकडं तंगीच्या रहाटावर कांड्या भरत असायची आणि मी ओठातल्या ओठात पुटपुटत असायचो. तिला वाटलं मला वेड लागलं. काही दिवस मलाही वाटलं. तंगी हे सगळं येता-जाता करायची, मांजर दिसलं की मांजरावर, आणि मी घाण्याच्या बैलासारखा एका शब्दाभोवती महिना महिना फिरत होतो. ती असताना एकदा तरी विचारायला हवं होतं, कसं करतेस गं, म्हणून.

शेवटी हे झालं:

तंगी माझी गेली, आता येणार न्हाई
दार उघडं ठेवलं तरी वळणार न्हाई
बोलावलंस तू पंचमीला, आलो न्हाई गं
हातातलं लुगडं मी सोडलं न्हाई गं

मास्तरांनी ऐकलं, पेटीवर चाल धरली, मला चार वेळा म्हणायला लावली. मग म्हणाले, "झालं. पण एक सांगतो. ह्येच्यात तुझा माग वाजतोय. हळू म्हण, लई हळू. चाल धावली तर अर्थ मागं ऱ्हाईल." त्या दिवशी मी शहापूरहून चालत घरी आलो तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

आता मूर्खपणाकडं येतो. त्या दोन वर्षांत लढाई वाढली आणि सूत मिळेनासं झालं. आधी आम्ही म्हणायचो, सुताची चणचण आहे. मग कंट्रोल आला, कार्डं आली, आणि दुकानदार, कारकून, वर्तमानपत्रं, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला. सुताची तंगी. रॉकेलची तंगी. गल्लीत दुसरं बोलणं नव्हतं. मीही रांगेत उभा राहून म्हणायचो, "लई तंगी झाली बघा." आणि घरी येऊन तंगीचं गाणं जुळवत बसायचो. हे दोन शब्द एकच आहेत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तुम्हाला खोटं वाटेल. पण ज्या घरात दोन अण्णा असतात तिथं कुणी गोंधळतं का? एक शब्द माझ्या बहिणीचा होता आणि एक दुकानाचा. मास्तरांच्याही ध्यानात आलं नाही, कारण त्यांना आधीच सांगितलं होतं ती कोण ते. एवढ्या मात्रा मोजल्या, एवढे शब्द उसवले, आणि पहिलाच शब्द तपासायचा राहिला.

ती श्रावणातली अमावस्या होती. माग बंद, देवळात दुपारचं भजन. आणि माझं नशीब असं की दोन महिने सूत नव्हतं ते त्याच आठवड्यात आलं होतं. गठ्ठे घरोघरी पोचले होते, माणसं खुशीत होती. अव्वा खांबाजवळ बायकांत बसली होती. मी पुढं जाऊन बसलो तेव्हा लोकांना नवल वाटलं. "अण्णा म्हणणार! गप बसा, अण्णा म्हणणार!"

मी डोळे मिटले आणि हळू सुरुवात केली. तंगी माझी गेली, आता येणार न्हाई. कुणीतरी "वा!" म्हणालं. मला बळ आलं. दार उघडं ठेवलं तरी वळणार न्हाई.

आणि सगळं देऊळ हसलं.

मला वाटलं माझा आवाज फाटला. डोळे उघडले तर माणसं मांड्यांवर हात मारत होती. "तुझ्या तोंडात साखर पडू दे रं! तंगी गेली! वळायची न्हाय आता!" तेव्हा कळलं. मृदंगवाल्यानं ठेका उचलला, आणि तो मागाचाच ठेका होता, खट्-सर्र-धप, तिथल्या प्रत्येक माणसाच्या पायात मुरलेला. त्यांना शिकवावं लागलं नाही. चाल धावत सुटली. पन्नास माणसं माझ्या दोन ओळी फिरवून फिरवून म्हणायला लागली. मी तिसरी ओळ म्हटली. खरंच म्हटली, ओरडून म्हटली. माझ्या शेजारच्या टाळकऱ्यालाही ती ऐकू गेली नाही.

अव्वा एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. मग उठली आणि पदर सावरत निघून गेली.

तिन्हीसांजेला मी तिच्या दारात गेलो. या वेळी मीठ मागितलं नाही. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "अण्णा, तंगी गेली म्हणून हसत्यात का रं लोक?"

"न्हाय गं अव्वा. त्यांना वाटलं सुताची तंगी. बाजारात म्हणत्यात न्हवं, तसं."

तिनं तोंडातल्या तोंडात तो शब्द दोनदा म्हणून बघितला. "मग तू सुताचं म्हणलास का तिचं म्हणलास?"

"तिचंच."

"मग फुडं काय हाय त्यात?"

दोन वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते तिनं स्वतःच विचारलं होतं. मला फक्त तिसरी ओळ म्हणायची होती. गायचीही गरज नव्हती. चुलीत लाकूड फुटत होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. माझ्या कानात ते पन्नास जणांचं हसू होतं, आणि त्याहून खरं सांगायचं तर मला भीती वाटली. मी म्हणालो, "फुडं काय न्हाय, अव्वा. दोनच वळी."

त्यानंतर ते गाणं माझं राहिलं नाही. सूत आलं की म्हणायचे. रेशनवर साखर मिळाली की म्हणायचे. लग्नात म्हणायचे, शिमग्याला म्हणायचे, आणि मागावर तर दिवसभर. काकतीच्या जत्रेत एकानं मला ते माझंच गाणं शिकवायचा प्रयत्न केला. मास्तर त्याच थंडीत वारले, देवळात काय झालं ते मी त्यांना सांगितलंच नाही. स्वातंत्र्य आलं त्या दिवशी गल्लीतून मिरवणूक निघाली, गुलाल उडाला, आणि "तंगी माझी गेली" म्हणत माणसं माझ्या दारावरून नाचत गेली. कुणीतरी मला खांद्यावर घेतलं. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस अव्वानं अंथरूण धरलं. एका दुपारी तिनं बोलावलं म्हणून गेलो. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे तेवढे होते. म्हणाली, "म्हण की रं ते. तंगीचं. तू पयल्यांदा म्हणलास तसं, हळू."

मी तिच्या उशाशी बसलो. तोंड उघडलं, आणि हळू चाल आठवेना. भिंतीपलीकडं कुणाचा तरी माग चालला होता, खट्-सर्र-धप, आणि माझ्या जिभेवर तीच धावती चाल येत होती, लग्नातली, शिमग्यातली. मी परत सुरुवात केली. परत तीच आली. मास्तरांची पेटी, शहापूरच्या दुपारी, दोन वर्षं, सगळं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. तिसऱ्या वेळी पलीकडचा विणकर माझा आवाज ऐकून खुशीनं साथ द्यायला लागला. मी थांबलो.

अव्वानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू तरी काय करणार रं, अण्णा. त्यांनीच पाठवली न्हाय तिला."

आणि ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी म्हणालो, "व्हय, अव्वा."